मधल्या दिवसांतला निकाह

वस्तीत त्याला सगळे हॅलोचाचा म्हणत. लाउडस्पीकर लावणं, उतरवणं, बिघडला तर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. दुसरा कुणी माइक हातात घेतो, एकदा ‘हॅलो’ म्हणतो आणि खाली ठेवतो. हा मात्र रिकाम्या खुर्च्यांशी गप्पा मारायचा. “हॅलो, हॅलो. मागच्या रांगेला येतंय का ऐकू? येतंय? मग माना हलवा की, आयते येऊन बसलात ते.” लग्नाला लवकर आलेली माणसं तेवढ्यावरच हसून घ्यायची.

मशिदीचा लाउडस्पीकरही त्याच्याच हातचा. कुठली वायर कुठल्या भिंतीतून गेली आहे हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. मौलानांचा आवाज बारीक, घसा लवकर बसायचा. म्हणून त्यांचा माइक तो नेहमी थोडा वर चढवून ठेवायचा आणि कुणाला सांगायचा नाही.

एकट्यानं काम करणाऱ्याला बोलायची सवय लागते. कुणी यंत्राला शिव्या देतं, कुणी गाणं गुणगुणतं. चाचा अल्लाहशी बोलायचा. “हा स्क्रू कुणी आवळला रे इतका? तुझाच कुणीतरी बंदा असणार.” त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बायको मात्र म्हणायची, “नमाजेत पाच मिनिटं आणि कामाच्या टेबलावर दिवसभर. तोही म्हणत असेल, हा गप्प कधी बसतो.”

मग बायको आजारी पडली. आजार हाडांत उतरला. चादर अंगाला लागली तरी तिला सोसेना. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, म्हणजे काय ते दोघांनाही कळलं. लेक लग्न होऊन दूर राहत होती, तिला लहान मूल. ती येऊन जाऊन करायची. बाकी सगळं चाचाच्या गळ्यात, आणि ते त्यानं कुणाला करू दिलं नसतं. तिला अंघोळ घालायची, कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, कपडे बदलायचे. तिच्या उशाशी त्यानं दाराच्या घंटीचं बटण बांधून दिलं होतं. ते दाबलं की खाली त्याच्या कामाच्या टेबलाजवळ घंटी वाजायची. पहिल्या दिवशी तिनं ते उगाचच तीनदा दाबलं. तो धापा टाकत वर आला तर म्हणाली, “काही नाही. चालतंय का बघितलं.”

ती पडद्याची फार. डॉक्टरनं नाडी बघायला हात मागितला तर आधी बाही मनगटापर्यंत ओढायची, मग हात पुढे करायची. हाडांचं दुखणं असह्य झालं तेव्हा डॉक्टर मदतीला एक पुरुष नर्स पाठवतो म्हणाले. तिनं मान हलवून नाही म्हटलं. “माझा नवरा आहे की,” म्हणाली.

एक दिवस मशिदीतून निरोप आला की आतले स्पीकर घरघर करतात. दुपारची नमाज होऊन गेली होती, आत कुणी नव्हतं. बायकोजवळ शेजारची बाई बसली म्हणून हा गेला.

मशिदीच्या यंत्राला दोन बटणं होती. एक आतल्या स्पीकरचं, दुसरं मिनारावरच्या भोंग्यांचं. कामाला हात घालण्याआधी बाहेरचं बटण बंद करायचं, हा त्याचा नेहमीचा नियम. आदल्या रात्री बायको सारखी विव्हळत होती, त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यानं आतल्या स्पीकरच्या वायरी काढल्या, म्हणजे घरघर कुठून येते ते कळेल. बाहेरचं बटण तसंच राहिलं. माइक शेजारी गालिच्यावर पडलेला. आतले स्पीकर मुके, भोंगे उंच मिनारावर रस्त्याकडे तोंड केलेले, त्यामुळे स्वतःचा आवाज मोठा होऊन बाहेर जातोय हे त्याला कळायला मार्गच नव्हता. यंत्राच्या कपाटात डोकं घालून, आडवा होऊन तो वायरी तपासत होता. आणि सवयीनं बोलत होता.

“रात्रभर ओरडत होती. तू ऐकलंस ना? तुला तर सगळं ऐकू येतं. दारात कुत्रं असं विव्हळलं असतं तर मीसुद्धा उठून बघितलं असतं. तू काय केलंस? दयाळू, दयाळू म्हणून आयुष्यभर तुझं नाव घेतलं. ती दया ठेवलीस कुठे? तिनं काय वाईट केलं तुझं? न्यायची तर ने, असं कुरतडून कुरतडून काय नेतोस? तुझ्या जागी मी असतो ना, तर मला लाज वाटली असती.”

मग तो थोडा रडला. नाक पुसलं. वायर सापडली, ती जोडली आणि चपला घालून बाहेर आला.

रस्ता गप्प होता. शिंप्याचं मशीन थांबलेलं. न्हावी वस्तरा हातात धरून दारात उभा आणि त्याच्या मागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. कुणी त्याच्या डोळ्याला डोळा देईना. शेवटी न्हावीच हलक्या आवाजात म्हणाला, “चाचा, बाहेरचं चालू होतं.”

चाचानं मागे वळून भोंग्याकडे बघितलं. तो तसाच घरी आला, जिना चढला. शेजारची बाई त्याला बघून लगबगीनं निघून गेली. खिडकी उघडी होती आणि खिडकीतून मिनार दिसत होता.

“ऐकलंस?” त्यानं विचारलं.

“मी काय, बस स्टॉपवरच्यांनी पण ऐकलं असेल,” बायको म्हणाली. तिला हसू आलं, आणि हसल्यानं दुखलं. “इतकी वर्षं माझ्याशी भांडलात, तसंच भांडलात की त्याच्याशी. अगदी तोच सूर. म्हणजे घरातलाच धरलात त्याला.”

“मी चुकलो का गं?”

तिनं खिडकीकडे मान वळवली. “त्यालाच बोललात ना?” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला नाही. मग तो बघून घेईल. फक्त पुढच्या वेळी भोंग्यावर नको.” आणि तिनं कुशीवर वळवायला खूण केली.

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. त्या दिवसांत तो अल्लाहशी बोलला नाही असं नाही. रोज बोलला, नमाजही पढली, ईमानाची साक्ष देणारा कलमाही म्हटला. तिच्याबरोबरच म्हटला, कारण तिला शेवटी शब्द सुटत नव्हते आणि तो आधी म्हणायचा, मग ती ओठ हलवायची. एका सकाळी तिनं ओठ हलवले नाहीत.

जनाज्याला अख्खी वस्ती आली. खांदा द्यायला माणसं मागून मागून पुढे येत होती. भोंग्यावरचं बोलणं कुणी काढलं नाही. न्हाव्यानं तर कबरीपर्यंत हात सोडला नाही त्याचा.

पण कुणीतरी त्या दिवशी गच्चीवरून मोबाइलमध्ये ते टिपून घेतलं होतं. कुणी, ते कळलं नाही. आधी वस्तीत फिरलं, मग वस्तीबाहेर गेलं. वस्तीत लोकांना माहीत होतं की वर बाई मरणाला टेकली होती. वस्तीबाहेर फक्त आवाज गेला. मशिदीच्या भोंग्यावरून कुणीतरी अल्लाहला लाज वाटायला हवी म्हणतोय, एवढंच. अनोळखी पोरं गल्लीत येऊन विचारू लागली, हा कुठे राहतो. देशात अशा बोलण्याविरुद्ध कायदा होता, शिक्षाही होती. पण अशा गोष्टींत कायद्याआधी माणसं येऊन पोहोचतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून एका सकाळी मेहुणा आणि मौलाना घरी आले.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कापडाचं दुकान होतं त्याचं, आणि मशिदीच्या कमिटीत होता. बहिणीवर जीव होता. तिच्या आजारपणात रोज दुकान बंद करून यायचा, तिच्या पायथ्याशी बसायचा आणि काही न बोलता निघून जायचा. आता खुर्चीच्या टोकावर बसला होता, म्हणजे उठायच्याच तयारीत.

“भाऊजी,” तो म्हणाला, “शुक्रवारी नमाजेनंतर माइकवर यायचं. आतलं, बाहेरचं, दोन्ही चालू ठेवायचं. चार वाक्यं बोलायची. तीही कुणीतरी टिपेल आणि तेवढीच लांब जातील. मग विषय संपला.”

“माफी मागायची? मागतो की,” चाचा म्हणाला. “त्यात काय. मलाच तोंड दाखवायला लाज वाटते. लहान पोरांनी ऐकलं ते. बटण बंद करायचं राहिलं ही माझीच चूक.”

मेहुण्यानं हुश्श केलं. मौलाना मात्र चहाच्या पेल्यातच बघत होते.

“बटणाचं नाही,” मेहुणा म्हणाला. “बटणाचं काय सांगायचं! असं म्हणायचं, माझ्या तोंडून कुफ्र निघालं, अल्लाहला नाकारणारं बोलणं. मी दीनमधून, धर्मातून बाहेर गेलो होतो. आज सगळ्यांसमोर कलमा पढून परत येतो. बस.”

चाचानं ते मनातल्या मनात म्हणून बघितलं. माइकवर बोलायचं असलं की तो आधी तसं करायचा. मग त्यानं विचारलं, “बाहेर गेलो होतो, म्हणजे कधीपासून?”

“कधीपासून काय? ते बोललात तेव्हापासून.”

“आणि आजपर्यंत?”

“हो.”

चाचा उठला. पाणी प्यायला, परत बसला.

“मौलाना,” तो म्हणाला, “तो बसवाला आठवतो?”

मौलानांनी मान खाली घातली. त्यांना आठवत होता. बस चालवणारा एक माणूस होता, रागाच्या भरात घरात काहीतरी भलतंसलतं बोलून बसला होता. घाबरून मौलानांकडे आला. मौलानांनी त्याला कलमा पढवला आणि सांगितलं की धर्मावरचं ईमान गेलं की निकाहही तुटतो, तो पुन्हा करावा लागेल. मग मशिदीच्या मागच्या खोलीत पिकलेल्या केसांच्या नवरा-बायकोचा पुन्हा निकाह लागला. साक्षीदार कोण, तर त्यांचा जावई. माइक लावायला चाचाच होता. “नवरदेव, केस तरी काळे करून यायचं,” असं तो माइकवरच म्हणाला होता आणि नवरी पदरात तोंड लपवून हसली होती.

“त्याची बायको जिवंत होती,” चाचा म्हणाला. “त्याचं भागलं. माझं काय?”

मौलानांनी हातातला पेला फिरवला.

“मी ते बोललो तेव्हा ही जिवंत होती. नंतरही होती. मी बाहेर गेलो होतो असं म्हटलं, तर त्या मधल्या दिवसांत आमचा निकाह नव्हता. बरोबर ना, मौलाना? तुम्हीच सांगितलेलं आहे, मी हेडफोन लावून ऐकलेलं आहे.”

“आता ते कशाला काढायचं?” मौलाना म्हणाले. “ती अल्लाहच्या घरी गेली. तिथे हिशेब मनातल्या हेतूचा होतो.”

“ती गेली, भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “आता त्यानं काय फरक पडतो?”

“मला पडतो. त्या दिवसांत मी तिला न्हाऊ घातलं. सगळं केलं. तुला सांगायची गरज आहे का? डॉक्टरला मनगट दाखवत नव्हती तुझी बहीण. मग तिच्या अंगाला हात लावणारा मी कोण होतो? परका पुरुष? परक्या पुरुषाच्या हातात मेली ती?”

“असं कोण म्हणतंय?”

“तू म्हणतोयस. शुक्रवारी भोंग्यावर माझ्याकडून म्हणवून घेतोयस. आणि मला अजून भाऊजी म्हणतोस ते कशाच्या नात्यानं?”

मेहुणा ताडकन उठला. “आणि तिचं दुखणं भोंग्यावर कुणी नेलं? ती माझी बहीण. कशी ओरडते, कशी विव्हळते, हे आता दुसऱ्या गावातली पोरं मोबाइलवर ऐकतात आणि खाली शिव्या लिहितात. वाचलंत का तुम्ही काय काय लिहिलंय? मी वाचलंय. एकेक ओळ.” त्याचा आवाज फुटला. “उद्या कुणी दार तोडून आत आलं तर तुमच्या जोडीला माझाही जनाजा उचलावा लागेल. ते चालेल. पण कुणीतरी राहायला हवं ना तिच्या कबरीवर जायला.”

मेहुण्याचं खोटं नव्हतं.

मौलानांनी पेला खाली ठेवला. “आणखी एक वाट आहे,” ते म्हणाले. “शुद्ध हरपलेल्या माणसाचं बोलणं धरत नाहीत. त्याचं ईमान जात नाही. निकाहही जात नाही. तुम्ही शपथेवर एवढंच सांगा, की त्या वेळी मला शुद्ध नव्हती, मी काय बोलतोय ते मला कळत नव्हतं. सगळंच वाचतं, चाचा. ती तुमची बायकोच राहते.”

मेहुण्याचा चेहरा उजळला. “हे आधी का नाही सांगितलंत?”

“हे निकाहाचं विचारतील असं वाटलं नव्हतं म्हणून,” मौलाना म्हणाले.

चाचानं विचार करून सांगतो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लेक आली. मुलाला घरी ठेवून एकटीच आली होती, त्यावरूनच काय ते कळलं. आल्या आल्या खिडकी लावली, पडदा ओढला. आईच्या पलंगावर बसली आणि पलंगाला हातानं चाचपत राहिली.

“अब्बा, मामानं सांगितलं मला. मग अडलंय कुठे? शुद्ध नव्हती म्हणा. आणि नव्हतीच ना? तुम्ही झोपला नव्हतात. फोनवर माझं नावसुद्धा चुकत होतात.”

“झोप नव्हती. शुद्ध होती.”

“कसं कळतं तुम्हाला?”

“सोपं आहे. त्याच वेळेला मी घरघर शोधून काढली. लाल-काळी वायर उलटी जोडली नाही. घरी येऊन तुझ्या आईला औषधाचे थेंब मोजून दिले, एक कमी नाही, एक जास्त नाही. शुद्ध नसलेल्या माणसाच्या हातून ती औषध घेत होती का?”

“ते कोण विचारणार आहे, अब्बा?”

“ज्याची शपथ घ्यायची तो.”

लेकीनं कपाळाला हात लावला. आईसारखाच लावला. “तुम्ही त्याला काय वाट्टेल ते बोललात. आता त्याच्या नावानं खोटं बोलायला जीभ रेटत नाही?”

“मी त्याला काय वाट्टेल ते नाही बोललो गं. मनात होतं ते बोललो. तो ऐकतो म्हणून बोललो. जो ऐकत नाही त्याच्यावर कोण रागावतं? रस्त्यावरच्या दगडावर मी कधी रागावलो का? आता त्याच्याच घरात उभं राहून, त्याचीच शपथ घेऊन, त्याला माहीत असलेलं खोटं सांगू? मग मात्र मला त्याच्याशी परत कधी बोलता यायचं नाही.”

“आणि माझ्याशी?” लेक म्हणाली. “तुम्हाला काही झालं तर मी कुणाशी बोलू?”

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला तर तिनं तो झटकून टाकला, आणि मग तोच हात ओढून धरून ठेवला. सासरच्यांनी सांगितलं होतं, बापाला इकडे आणू नकोस. ते तिनं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. गाडीला बसवून द्यायला गेला तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, “अम्मीनं जे सांगितलं असतं, तेच करा.” जणू ते सोपं होतं.

शुक्रवारी मशीद भरून वाहत होती. पायऱ्यांवर, रस्त्यावर माणसं. त्यांतली बरीच तोंडं कधी न पाहिलेली. नमाज झाली. मौलानांनी दुवा मागितली, आणि ती नेहमीपेक्षा लांबवली. मग चाचा पुढे झाला.

समोर एवढी माणसं, आणि हॅलो म्हणावंसं वाटेना.

“त्या दिवशी बोललो तो मीच,” तो म्हणाला. “बाहेरचं बटण बंद करायला विसरलो. तुमच्या कानावर पडायला नको होतं ते पडलं. लहान पोरांच्या, आजारी माणसांच्या कानावर पडलं. त्याबद्दल तुमच्या प्रत्येकाची माफी मागतो. हात जोडून मागतो.”

“पुढे बोल,” कुणीतरी ओरडलं.

“पुढचं माझं आणि त्याचं आहे. त्याला मी बोललो. त्याची माफी मी त्याच्याकडे मागितली, अजून मागतो. देईल, न देईल, तो बघेल. कलमा त्या दिवसाआधीही रोज म्हणत होतो, नंतरही रोज म्हटला. आत्ताही म्हणतो.” आणि त्यानं तो म्हटला, सावकाश, एकेक शब्द. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे ओठ आपोआप त्याच्याबरोबर हलले. “पण मी बाहेर गेलो होतो असं म्हणणार नाही. मला शुद्ध नव्हती असंही म्हणणार नाही. माझी बायको माझी बायको म्हणून मेली.”

एकदम गलका झाला. दारातली अनोळखी पोरं आत घुसू लागली. एकजण, दाढी नुकती फुटलेला, खांबाजवळ येऊन ओरडला, “मौलाना, तुम्ही सांगा! हे कुफ्र आहे का नाही? हा बाहेर गेला का नाही?”

मौलाना उभे राहिले. त्यांनी चाचाकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं. “मला विचार करायला वेळ द्या,” ते म्हणाले. बारीक आवाजात. हूं, हूं अशी हेटाळणी उठली आणि ते पुन्हा खाली बसले.

त्या पोराला कुणीतरी कानात काहीतरी सांगितलं. त्यानं मेहुण्याकडे बोट केलं. “तो तिचा भाऊ ना? त्यालाच विचारा. तो सांगेल. ए, कमिटीवाले! तुझी बहीण याची बायको होती का? खरं सांग. की असल्याच्या घरात तशीच राहत होती?”

चाचानं डोळे मिटले. त्याला काय येणार ते माहीत होतं, आणि मेहुण्याला त्यानं मनातल्या मनात आधीच माफ करून टाकलं होतं. घरी मुलं होती त्याची. दुकान होतं.

मेहुणा पुढच्याच रांगेत होता. तो उठला, पण एकदम नाही. आधी एक गुडघा, मग दुसरा. त्याचा चेहरा काळा-निळा झाला होता.

“तशीच म्हणजे कशी?” तो म्हणाला.

“म्हणजे काय ते तुला कळतं.”

“नाही कळत. तू म्हण ना. माझ्या बहिणीबद्दल काय म्हणायचंय ते इथे, मशिदीत, माझ्या तोंडावर म्हण.”

पोरगा गांगरला. मेहुण्यानं त्याच्याकडे पाठ केली आणि चाचाच्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याच्याकडे बघितलं मात्र नाही. राग अजून होताच. “हे माझे भाऊजी आहेत,” तो माइकमध्ये म्हणाला. “आहेत. ती गेली तेव्हा होते आणि आता आहेत. यांचं डोकं फिरलेलं आहे, ते आधीपासूनच फिरलेलं आहे, ते आम्ही घरात बघून घेऊ.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ते हसणं दाबलं गेलं. मग धक्काबुक्की सुरू झाली. वस्तीतली माणसं मधे पडली, न्हावी मधे पडला, त्याच्या तोंडावर कुणाचा तरी कोपर बसला. मौलानांनी दोघांचे दंड धरून त्यांना वुजूच्या, हातपाय धुवायच्या नळांजवळच्या मागच्या दाराशी नेलं. त्यांनी कडी काढली.

“जा. मी यांना बोलण्यात ठेवतो.”

“काय बोलणार?” चाचानं विचारलं.

“माहीत नाही,” मौलाना म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

मागची गल्ली रिकामी होती. ऊन रणरणत होतं. थोडं पुढे गेल्यावर चाचा थांबला आणि पायांकडे बघू लागला.

“चपला पुढच्या दाराशी राहिल्या.”

“माझ्याही,” मेहुणा म्हणाला.

“तुझ्या नव्या होत्या.”

“भाऊजी, तुम्हाला चपलांचं सुचतंय?”

दोघं भिंतीच्या सावलीनं निघाले. सावली वीतभर होती, म्हणून एकामागे एक चालावं लागत होतं. जिथे सावली तुटायची तिथे टाचा उचलून पटापट जायचे. चाचाच्या घरी जायचं नाही, ते घर सगळ्यांना ठाऊक होतं. मेहुण्याचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, “मुलांना घेऊन आईकडे जा, आत्ताच,” एवढंच म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

“दुकानापाशी पोचले ते?” चाचानं विचारलं.

“दुकानापाशी.”

“तू ‘बायको नव्हती’ म्हणाला असतास तर आत्ता घरी जेवत असतास.”

“घास गेला असता का?” मेहुणा म्हणाला. मग जरा थांबून, “तुम्ही शुद्ध नव्हती म्हणाला असतात तर दोघंही जेवत असतो. एका शब्दाचं काम होतं. तुम्हाला ना, भाऊजी, आयुष्यभर गप्प बसायचं कधी ते कळलंच नाही. ती कसं चालवून घेत होती कोण जाणे.”

“ती पण बोलायची की. तुला वाटतं मी एकटाच बोलायचो?”

मेहुणा थांबला. त्याला धाप लागली होती. खिशातून दम्याचा छोटा पंप काढून त्यानं तोंडात दोनदा फुसफुसवला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मशिदीच्या बाजूनं येणारा गर्दीचा आवाज आता कमीजास्त होत नव्हता, एकाच दिशेनं येत होता. मग तो या गल्लीत वळला.

“तुम्ही व्हा पुढे,” मेहुणा म्हणाला.

चाचा पुढे झाला नाही. मेहुण्याच्या श्वासाकडे कान देऊन तो त्याच्या शेजारी, उन्हात, अनवाणी उभा राहिला. आणि हळू, फक्त वरच्या एकालाच ऐकू जाईल इतक्या हळू, बोलू लागला.